‘नामा’चा हिशेब

गावात एखाद्या बुडालेल्या सावकाराची मालमत्ता लिलावात निघाली म्हणजे काय होते, हे आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. बाकीच्यांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले असेल. दवंडी पिटते, चावडीपुढे माणसे जमतात, बोली पुकारली जाते आणि तासाभरात वाडा एकाचा दुसऱ्याचा होतो. पण गावाचे काम तेथून पुढे सुरू होते. बोली करायला कोण आले, कोण येणार म्हणून आले नाही, आदल्या संध्याकाळी कोण कोणाच्या ओसरीवर बसला होता, वाडा त्या किमतीला जायला हवा होता काय, ह्याची चर्चा महिनाभर चालते. गावाला हा अधिकार कोणत्याही कायद्याने दिलेला नसतो. पण लिलाव करणाऱ्या अंमलदाराच्या मनात ह्या चर्चेचा धाक असतो, आणि पुष्कळदा तेवढ्या धाकानेच बोली सरळ होते.

आता कल्पना करा की लिलावात एक वाडा नसून एका देशातील निम्म्याअधिक मोठ्या बिल्डरांची कर्जे निघाली आहेत. लिलाव पुकारणारे खुद्द सरकार आहे, घेणारे समुद्रापलीकडचे धनको आहेत, आणि सारा व्यवहार बंद दाराआड व्हावा असे कायद्यानेच सांगितले आहे. अशा वेळी गावाची जागा कोणी घ्यावयाची? लोकशाहीतील सरळ उत्तर ‘संसदेने’ असे आहे. ते उत्तर कृतीत उतरविताना काय काय अडते, हे आम्हांस येथे एका खऱ्या उदाहरणावरून सांगावयाचे आहे. उदाहरण आयर्लंडचे आहे. त्या संस्थेचे नाव नॅशनल अॅसेट मॅनेजमेंट एजन्सी. आद्याक्षरे जुळवून तिकडे सारे तिला ‘नामा’ म्हणतात. मराठी कानाला हे नाव ऐकून पंढरीची आठवण व्हावी. पण हा नामा अगदी निराळा, आणि नामानिराळा तर मुळीच नाही.

ह्या शतकाच्या पहिल्या सात-आठ वर्षांत आयर्लंडमध्ये घरे बांधण्याचे वेड लागले होते. बँका बिल्डरांना कर्जे देत, बिल्डर त्यातून जमीन घेत, जमिनीचा भाव चढे, आणि चढलेल्या भावावर बँक आणखी कर्ज देई. असा फुगा कधी ना कधी फुटतोच. तो फुटू लागला तेव्हा, सप्टेंबर २००८ च्या अखेरीस, एका रात्रीत आयरिश सरकारने आपल्या प्रमुख बँकांच्या देण्यांची हमी घेतली. ती देणी सुमारे ४४,००० कोटी युरोंची होती. देशाची लोकसंख्या त्या वेळी ४५ लाखांच्या आसपास. म्हणजे तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत दर माणशी जवळजवळ एक लाख युरोंची जबाबदारी त्या एका रात्री डोक्यावर आली. पुढे त्यातील सारीच देणी भरावी लागली नाहीत हे खरे. तरी बँका वाचविण्यासाठी करदात्यांचे सुमारे ६,४०० कोटी युरो खर्ची पडले, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये युरोपीय संघ व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्या दाराशी जाऊन ८,५०० कोटींची कर्जयोजना पत्करावी लागली. त्याच वर्षीच्या सरकारी पाहणीत देशभर २,८४६ गृहवसाहती अर्धवट अवस्थेत आढळल्या. भिंती आहेत, छप्पर नाही. रस्ता आहे, दिवा नाही. आणि कोपऱ्यावर बिल्डरचा रंगीत फलक. लोक त्यांना ‘भुताच्या वसाहती’ म्हणत.

ह्या बिल्डरांची कर्जे बँकांच्या वहीत पडून राहिली, तर बँका नवे कर्ज कोणालाच देणार नाहीत. तेव्हा २००९ च्या एप्रिलमध्ये अर्थमंत्री ब्रायन लेनिहन यांनी योजना मांडली की ही कर्जे एका सरकारी संस्थेने विकत घ्यावीत. नोव्हेंबरात कायदा झाला, डिसेंबरात ‘नामा’ जन्मली. तिने पाच बँका व पतसंस्थांकडून ७,४०० कोटी युरोंची कर्जे ३,१८० कोटींस घेतली. शंभराचे कर्ज सरासरी त्रेचाळीस रुपयांना घेतले म्हणा. पैसे रोख दिले नाहीत, सरकारी हमीचे रोखे दिले. येथे एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. कर्ज त्रेचाळीसाला विकत घेतले म्हणून बिल्डरचे सत्तावन्न माफ झाले असे नव्हे. बिल्डर शंभरच देणे लागत होता. फक्त आता धनको बँक नसून ‘नामा’ होती. तोटा बँकेने सोसला, आणि बँकेत भांडवल सरकारने ओतले असल्यामुळे अखेर तो करदात्यानेच सोसला. त्यातही त्या दिवशीचा बाजारभाव पाहता ही कर्जे २,६२० कोटींचीच होती. वरचे ५६० कोटी म्हणजे बँकांना दिलेला आधार होता, आणि युरोपीय आयोगाने तो तसाच मोजला.

आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. ही संस्था सरकारची, कायदा सरकारचा, हमी सरकारची. पण रोखे काढणाऱ्या तिच्या कंपनीचे एक्कावन टक्के भाग खाजगी गुंतवणूकदारांना देण्यात आले होते, आणि निर्णय रोखण्याचा हक्क मात्र ‘नामा’ने आपल्याजवळ ठेवला होता. का? तर असे केल्याने ते तीन हजार कोटींचे देणे युरोपीय हिशेबपद्धतीत राष्ट्रीय कर्जात धरले जात नव्हते. संस्था आपली आहे असेही म्हणावयाचे आणि कर्ज आपले नाही असेही म्हणावयाचे! आमच्याकडील एकत्र कुटुंबांतून अशा खुब्या चालत. सरकारांनाही त्या चालतात हे ह्यावरून दिसते. पुढे २०२० साली त्या खाजगी भागधारकांचे भाग परत घेण्यात आले.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. अशा संस्थेवर संसदेने नजर कशी ठेवावयाची? कायद्यात तरतुदी बऱ्याच होत्या. दर तिमाहीला अहवाल मंत्र्यांकडे जाई आणि संसदेपुढे ठेवला जाई. हिशेब महालेखापरीक्षक तपासत. शिवाय दर तीन वर्षांनी त्यांनी संस्थेच्या प्रगतीचा स्वतंत्र अहवाल द्यावा असे कलम होते. संस्थेचे मुख्याधिकारी लोकलेखा समितीस जबाबदार होते. समितीने बोलाविले की येऊन उत्तरे द्यावयाची. संस्थेच्या निर्णयावर कोणी खाजगीरीत्या वजन टाकण्याचा प्रयत्न केला तर तो गुन्हा ठरविला होता. कागदावर पाहता ह्यापेक्षा अधिक बंदोबस्त तो काय करावयाचा, असेच कोणासही वाटेल.

पण त्याच कायद्यात दुसरी बाजू होती. ऋणकोची माहिती बाहेर देणे हाही गुन्हाच होता. ह्यामागे तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. समजा तुम्हांला घर विकावयाचे आहे. तुम्ही किती किमतीखाली उतरणार नाही, हे गिऱ्हाइकास आधीच कळले तर सौदा आटोपलाच. ‘नामा’चे म्हणणे हेच होते की आमच्या तळच्या किमती, आमच्या वाटाघाटी, आमचे ऋणको, हे सारे समितीच्या उघड्या बैठकीत सांगितले तर नुकसान जनतेचेच आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा तिला २०१४ पर्यंत लागू नव्हता. एका पत्रकाराने २०१० साली पर्यावरणविषयक माहितीच्या नियमांखाली तिच्याकडे अर्ज केला, तेव्हा ‘आम्ही त्या नियमांतील सार्वजनिक प्राधिकरणच नव्हे’ असे उत्तर मिळाले. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१५ च्या जूनमध्ये न्यायालयाने सांगितले की आहात. एका अर्जाचे उत्तर मिळवावयास पाच वर्षे! तोवर पुष्कळ माल विकून झाला होता.

समितीसमोर संस्थेचे अधिकारी येत नव्हते असे नव्हे. ते येत, नीट तयारी करून येत, आणि सभासदांच्या प्रश्नांना शांतपणे उत्तरे देत. पण खासदार हा शेतकी, रुग्णालय, पाणी असे विषय हाताळणारा माणूस. समोर तारण-मूल्यांकनात मुरलेले तज्ज्ञ. ‘तुम्ही फार स्वस्तात विकले काय?’ असा प्रश्न आला की ‘बाजारात ह्याहून अधिक मिळत नव्हते’ हे उत्तर तयार. त्यावर काय बोलावयाचे? ह्या पेचातून सुटण्याचे एकच साधन समितीजवळ होते, ते म्हणजे महालेखापरीक्षकाचा आकडा. त्या एका आकड्याची हकीकत जरा विस्ताराने सांगितली पाहिजे.

‘नामा’ने घेतलेल्या कर्जांपैकी काही उत्तर आयर्लंडमधील बिल्डरांची होती. मालमत्ता ब्रिटनच्या राज्यात, धनको डब्लिनचे. ह्या कर्जांचा सारा गठ्ठा एकदम विकावयाचे ठरले आणि त्या विक्रीला ‘प्रॉजेक्ट ईगल’ असे नाव पडले. कर्जांची मूळ रक्कम सुमारे ४५० कोटी पौंड. २०१३ साली पिमको ह्या अमेरिकन गुंतवणूक कंपनीने गठ्ठा घेण्याची इच्छा दाखविली. मग इतरांनाही बोलाविले गेले. २०१४ च्या मार्चमध्ये पिमकोने ‘नामा’ला एक गोष्ट कळविली. सौदा जमल्यास द्यावयाची दीड कोटी पौंडांची फी ठरली होती आणि तिच्यात तिघे वाटेकरी होते: एक अमेरिकन वकिली कचेरी, बेलफास्टच्या एका वकिली कचेरीचे प्रमुख, आणि ‘नामा’च्याच उत्तर आयर्लंड सल्लागार समितीचा एक माजी सदस्य. तो सदस्य समितीतून बाहेर पडून तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. पिमको सौद्यातून बाजूला झाली. ‘नामा’ने विक्री मात्र थांबविली नाही. अखेर दोनच बोली उरल्या आणि एप्रिलमध्ये गठ्ठा सर्बेरस नावाच्या दुसऱ्या अमेरिकन कंपनीस सुमारे १३२ कोटी पौंडांना गेला. ग्रीक पुराणात पाताळाच्या दाराशी बसलेल्या तीन तोंडांच्या कुत्र्याचे नाव सर्बेरस. कंपन्या आपली नावे कोणत्या विचाराने ठेवतात कोण जाणे. आपण कोणत्याही आजीमाजी ‘नामा’शी संबंधित माणसास पैसे देत नाही, असे तिने लिहून दिले. पिमकोबरोबरच्या त्या दोन वकिली कचेऱ्या मात्र आता तिच्या बाजूस होत्या.

हे सारे एक वर्षभर चार भिंतींत राहिले. २ जुलै २०१५ रोजी डॉलमध्ये, म्हणजे आयरिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, मिक वॉलेस हे अपक्ष सभासद उभे राहिले. हे गृहस्थ स्वतः एके काळचे बिल्डर, आणि त्यांचाही धंदा त्याच मंदीत बुडालेला. त्यांनी सांगितले की बेलफास्टच्या त्या वकिली कचेरीच्या हिशेब-तपासणीत मॅन बेटावरील एका खात्यात सत्तर लाख पौंड सापडले असून ते उत्तर आयर्लंडमधील एखाद्या राजकारण्यासाठी वा पक्षासाठी राखले असल्याचे बोलले जाते. सभागृहाबाहेर हे वाक्य उच्चारले असते तर दुसऱ्या दिवशी अब्रुनुकसानीची नोटीस आली असती. सभागृहातील भाषणास जे संरक्षण असते ते कशासाठी, हे ह्या प्रसंगावरून कळते. त्याचबरोबर, असा आरोप सिद्ध होईपर्यंत आरोपच राहतो हेही लक्षात ठेवले पाहिजे. ज्यांची नावे पुढे आली त्यांनी गैरकृत्याचा इन्कार केला.

मग बेलफास्टच्या विधानसभेच्या वित्त समितीने चौकशी मांडली. त्यांनी ‘नामा’च्या प्रमुखांस बोलाविले. उत्तर आले की आम्ही डब्लिनच्या संसदेस जबाबदार आहोत, तुम्हांस लेखी उत्तरे देऊ. कायद्याने हे बरोबरच होते. पण ज्या शहरातील दुकाने, कचेऱ्या व जमिनी विकल्या गेल्या, त्याच शहरातील लोकप्रतिनिधींना विकणाऱ्यास समोर बसवून एक प्रश्नही विचारता आला नाही. आमच्या मते ह्या साऱ्या प्रकरणातील ही सर्वांत बोलकी गोष्ट आहे, आणि तिची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली.

सप्टेंबर २०१६ मध्ये महालेखापरीक्षक शेमस मॅकार्थी यांचा विशेष अहवाल आला. त्यांनी लाचेचा, दलालीचा शोध घेतला नाही; ते त्यांचे कामही नव्हते. त्यांनी एकच गोष्ट पाहिली: गठ्ठ्याची तळची किंमत १३० कोटी पौंड ठरविली, ती कशावरून? येथे थोडे गणित करावे लागेल, आणि ते कंटाळवाणे नाही असा आमचा दावा आहे.

एखादा माणूस तीन वर्षांनी आपणांस शंभर रुपये देणार आहे. ते येणे आज विकावयाचे तर किती घ्यावे? व्याजाचा दर साडेपाच टक्के धरला तर उत्तर येते सुमारे ८५ रुपये. दहा टक्के धरला तर ७५. येणे तेच, माणूस तोच. फक्त कागदावर धरलेला वटावाचा दर बदलला आणि दहा रुपये गळाले. ‘नामा’ आपल्या रोजच्या हिशेबात साडेपाच टक्के दर वापरीत असे. प्रॉजेक्ट ईगलसाठी तिने दहा टक्के धरला. साडेपाचाने पाहता तोच गठ्ठा, हाताशी ठेवून सावकाश वसूल केला असता तर, १४९ कोटी पौंडांचा होता. दोहोंतील फरक एकोणीस कोटी पौंड. तेवढे नुकसान होण्याचा संभव पत्करून विक्री केली गेली, आणि दर बदलण्याचे पुरेसे कारण कागदोपत्री दिसत नाही, असा अहवालाचा निष्कर्ष होता.

‘नामा’ने हा निष्कर्ष साफ नाकारला, आणि असे नाकारणे ही साधी गोष्ट नव्हे, सरकारी संस्था सहसा महालेखापरीक्षकांशी उघड भांडत नाहीत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: उत्तर आयर्लंडची बाजारपेठ लहान, गिऱ्हाइके मोजकी. असे गठ्ठे घेणारा परदेशी गुंतवणूकदार दहा टक्क्यांखाली हात घालीत नाही. तेव्हा बाजाराचा दर धरणे हाच शहाणपणा. साडेपाच टक्के हा आमच्या घरचा दर, गिऱ्हाइकाचा नव्हे. हा युक्तिवाद आम्हांस पोकळ वाटत नाही. कोणत्याही मोंढ्यावरचा अडत्या तो मान्य करील. पण अडत्याला दुसराही प्रश्न सुचेल: गिऱ्हाइकाला परवडत नसेल तर आत्ताच विकण्याची घाई कोणाला होती? महालेखापरीक्षकांचा मुद्दा नेमका हाच होता, आणि ‘आम्ही थांबण्याचा हिशेब करून पाहिला, तो असा आला, म्हणून विकले’ असा कागद काही समाधानकारकपणे पुढे आला नाही.

२०१६ च्या हिवाळ्यात लोकलेखा समितीने ह्यावर बैठकांमागून बैठका घेतल्या. अध्यक्ष शॉन फ्लेमिंग, विरोधी बाकांवरील फिएना फॉइल पक्षाचे. ह्याच पक्षाच्या सरकारने २००९ साली ‘नामा’ निर्माण केली होती हे वाचकांच्या ध्यानात राहावे. तपासणी करणारा आणि पाळणा हलविणारा एकाच घरचे. तरी समितीने हात आखडता घेतला असे कोणी म्हणू शकणार नाही. मार्च २०१७ मध्ये अहवाल आला. विक्रीची आखणी सदोष होती. सल्लागार समितीतील सदस्याच्या दुहेरी हितसंबंधांचा प्रश्न नीट हाताळला गेला नाही. आणि आपणांस योग्य मोबदला मिळाला हे ‘नामा’ला दाखवून देता आले नाही, असे समितीने म्हटले. ह्यातील शेवटचे वाक्य काळजीपूर्वक वाचावे. पैसे खाल्ले असे समिती म्हणत नाही. भाव कमी आला असेही ती ठामपणे म्हणत नाही. ‘दाखवून देता आले नाही’ एवढेच ती म्हणते.

असे बेताचे शब्द का? ह्याचे कारण आयर्लंडच्या घटनेच्या इतिहासात आहे. २००० साली अॅबीलारा नावाच्या खेड्यात पोलिसांच्या गोळीने एक मनोरुग्ण तरुण मेला. संसदेच्या एका उपसमितीने चौकशी सुरू केली, तेव्हा त्यात गुंतलेले पोलीस न्यायालयात गेले. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला की सभागृहाबाहेरच्या माणसाच्या नावाला बट्टा लागेल असे वस्तुस्थितीविषयक निष्कर्ष काढण्याचा उपजत अधिकार संसदेला नाही. बँका बुडाल्यानंतर सरकारला वाटले की हा अधिकार संसदेस दिला पाहिजे, म्हणून ऑक्टोबर २०११ मध्ये घटनादुरुस्तीवर लोकमत घेतले. तीन वर्षे बँकांच्या नावाने बोटे मोडणाऱ्या त्याच लोकांनी शेकडा त्रेपन्न मतांनी ती दुरुस्ती फेटाळली! आपल्या खासदारांनी बँकवाल्यांना जाब विचारावा, पण न्यायाधीश होऊ नये, असे त्यांचे मत पडले. पुढे २०१९ साली, एका धर्मादाय संस्थेच्या प्रमुख असलेल्या बाईंना लोकलेखा समितीने २०१४ मध्ये आपल्या कक्षेबाहेर जाऊन प्रश्न विचारले, हे वर्तन बेकायदेशीर होते असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले.

म्हणून समिती माणसावर बोट ठेवू शकत नाही, पद्धतीवर ठेवू शकते. अर्थमंत्री मायकेल नूनन यांच्याबाबत नेमके असेच घडले. बोली बंद होण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी सर्बेरसच्या वरिष्ठ मंडळींची भेट घेतली होती. समितीने लिहिले की ही भेट ‘कार्यपद्धतीच्या दृष्टीने उचित नव्हती’. एवढेच. आमच्या चावडीवर ह्याच गोष्टीला लोकांनी काय शब्द वापरले असते ते सांगावयास नको. पण ह्या मवाळ शब्दांवरूनही समितीत फूट पडली. मंत्र्यांच्या पक्षाचे सभासद विरुद्ध गेले. आपण समितीपुढे येऊन गेलो होतो, तरी ह्या मुद्द्यावर उत्तर देण्याची संधी आपणांस दिली नाही, असे मंत्र्यांचे म्हणणे पडले. ती तक्रार अगदीच गैरवाजवी नव्हती. समितीने तो शब्द लिहिण्यापूर्वी मंत्र्यांना पुन्हा बोलाविले असते तर समितीचेच बळ वाढले असते. लोकलेखा समितीचे वजन एकमतात असते. पक्षांच्या रेषेवरून ती दुभंगली की ज्याला अहवाल नको असतो त्याला तो बाजूला सारावयास कारण मिळते.

त्यानंतर जून २०१७ मध्ये निवृत्त न्यायाधीश जॉन कुक यांच्या हाती चौकशी आयोग देण्यात आला, आणि त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली.

आमच्या इकडील जुन्या मंडळींना हे सारे वाचताना १९५७ सालचे मुंदडा प्रकरण आठवेल. आयुर्विमा महामंडळ स्थापन होऊन वर्षही झाले नव्हते, तोच त्याने मुंदडा ह्या उद्योगपतीच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपास किमतीचे भाग घेतले. फिरोज गांधींनी डिसेंबरात लोकसभेत प्रश्न विचारला, तोही सत्ताधारी पक्षाचे सभासद असताना. मुंबईचे मुख्य न्यायाधीश छगला यांनी मुंबईत उघड चौकशी चालविली. ती ऐकण्यास लोटलेली गर्दी हा त्या वेळी वर्तमानपत्रांचा विषय झाला होता. आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. व्यवहार जूनमध्ये, राजीनामा फेब्रुवारीत. मुंदडा प्रकरणात व्यवहार एक होता, रक्कम एक होती, सही कोणाच्या सांगण्यावरून झाली हा प्रश्न एक होता. म्हणून ते आठ महिन्यांत आटोपले. ‘नामा’कडे बारा हजारांवर कर्जे होती, आणि प्रत्येकीच्या मागे कधी विकावे, कितीला विकावे, कोणाला विकावे असे तीन निर्णय होते.

हा विषय आम्ही निवडला त्यास आणखी एक कारण आहे. २०२१ साली आपल्या देशातही बँकांची मोठी बुडीत कर्जे उचलण्यासाठी नॅशनल अॅसेट रिकन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. तिची कचेरी मुंबईस आहे. तिच्यात बहुसंख्य भाग सरकारी बँकांचे. कर्जाच्या ठरलेल्या किमतीपैकी पंधरा टक्के रोख आणि पंच्याऐंशी टक्के प्रतिभूती-पावत्यांच्या रूपाने द्यावयाचे, आणि त्या पावत्यांना ३०,६०० कोटी रुपयांपर्यंत केंद्र सरकारची हमी, अशी तिची रचना मंत्रिमंडळाने मंजूर केली. आयर्लंडची हुबेहूब नक्कल ही नव्हे. तिकडे एकाच धंद्याची कर्जे होती, इकडे कारखान्यांचीही आहेत. पण येणे आज काढून टाकावे की वाट पाहावी, आणि वाट पाहण्याची किंमत कोणत्या दराने मोजावी, हा प्रश्न तोच आहे. आणि हमी सरकारची असल्यामुळे तो विचारण्याचा हक्क संसदेकडे येतो.

हाच विषय आम्ही एका सभेत मांडला तेव्हा एका वृद्ध गृहस्थांनी उठून विचारले, “अहो, हे सगळे ठीक, पण त्या लोकांचे पैसे परत आले की नाही?” प्रश्न रोखठोक होता आणि त्याचे उत्तरही तसेच दिले पाहिजे. ‘नामा’ने आपले ३,०२० कोटींचे हमीचे रोखे ऑक्टोबर २०१७ पर्यंत मुदतीपूर्वी फेडले, उरलेले कर्ज मार्च २०२० मध्ये फेडले, आणि तिच्या सबंध कारकिर्दीत पाचशे कोटी युरोंहून अधिक शिल्लक सरकारी तिजोरीत पडेल असा हिशेब झाला. ज्यांनी २००९ साली ही संस्था देश बुडवील असे म्हटले होते त्यांचे भाकित खोटे ठरले. बँकांत ओतलेले भांडवल मात्र ह्या शिलकेने भरून येत नाही; तो हिशेब वेगळा. त्या गृहस्थांचे एवढ्याने समाधान झाले नाही. ते म्हणाले, “मग त्या एकोणीस कोटींचे काय?” आम्ही सांगितले की त्यावर महालेखापरीक्षक आपल्या जागी कायम राहिले आणि ‘नामा’ आपल्या जागी, दोघांचेही म्हणणे आयरिश संसदेच्या दप्तरी लागले आहे, ज्याला पाहावयाचे त्याने काढून पाहावे.